पावणेतीन इंच

माझ्या बापाने मला फसवलं. पावणेतीन इंचांनी फसवलं, आणि फसवताना त्याला ते माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण लाकडाच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मला आडवळणाने बोलता येत नाही. गिऱ्हाईक दारात आलं की मी आधी लाकडातली गाठ दाखवते आणि मग भावाचं बोलते. इथली गाठ ही आहे. त्याच बापाची नखं मी आज सकाळी कापली. तो आता माझ्याकडेच असतो, नागपूरच्या लकडगंजातल्या दुकानामागच्या खोलीत. खिडकीशी त्याची खाट आहे. भाकर वरणात कुस्करून द्यावी लागते. डावा कान गेला, पण उजव्या कानाने त्याला चांगलं ऐकू येतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

तेव्हा आम्ही लकडगंजच्या मागच्या अंगाला, लाकडांच्या टाली, म्हणजे वखारी, संपतात तिथल्या वस्तीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे टिनाचं छप्पर, आणि वीस पावलांवर बापाचं कामाचं आवार. आधी तो दुसऱ्याच्या टालीत मोठा आरा ओढायचा. एक माणूस वर ओंडक्यावर उभा आणि बाप खाली खड्ड्यात, दिवसभर भुसा तोंडावर झेलत. मग आरामशिनी आल्या, खड्ड्यातली माणसं रिकामी झाली, आणि त्याने दुसऱ्यांचं पाहून पाहून सुतारकाम उचललं. शाळा त्याने पाहिली नव्हती. अंक वाचता यायचे, अक्षरं नाही. सकाळी सहाला पहिली मशीन सुरू व्हायची आणि तिचा आवाज आमच्या घरात घरच्याच माणसासारखा वावरायचा. सरळ लाकूड असलं की एकसुरी, गाठ आली की किंचाळी. माय शेगडीपाशी बसल्या बसल्या सांगायची, "हा सागवान होय," किंवा "आता ऐन चिरून राहिले." तिचं कधी चुकलं नाही. भुसा सगळीकडे असायचा, अंथरुणात, केसांत, पिठाच्या डब्यात. स्वयंपाकही भुशावरच व्हायचा. पत्र्याच्या रिकाम्या डब्याला खाली भोक, मधोमध एक बाटली उभी करायची, तिच्याभोवती भुसा ठासून भरायचा, आणि मग बाटली अलगद फिरवत वर काढायची. मध्ये पोकळ नळी उरते, तिच्यात आच धरते आणि संथपणे तासन्‌तास जळत राहते. भुसा ढिला भरला तर नळी ढासळते आणि घरभर धूर. ठासायचं काम माझं होतं. त्या शेगडीवर भाजलेली ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी, एवढ्यावर मी आणि माझे दोन धाकटे भाऊ वाढलो. आजही जुन्या सागवानाचा भुसा हातात आला की मी तो नाकाशी नेते. कामावरची माणसं समजतात, मालकीण माल पारखून राहिली. समजू देते.

मी चार वर्षांची असताना बापाने मला खांद्यावर बसवून धम्मदीक्षेला नेलं होतं. त्यातलं मला फक्त पांढरं आठवतं. नजर जाईल तिथवर पांढरे कपडे, आणि माझ्या हनुवटीखाली त्याच्या केसांचा वास. घरी आल्यावर तो मायला म्हणाला, "हिले शिकवाचं. जितकी शिकन तितकी." हा शब्द त्याने पंधरा वर्षं पाळला. वस्तीत कोणाच्या घरी टेबल नव्हतं तेव्हा त्याने माझ्यासाठी सागवानाचं टेबल केलं, कप्प्यासकट. मॅट्रिक झाले तेव्हा पेढे वाटायला तो स्वतः दारोदार गेला. मी सायन्स कॉलेजात नाव घातलं तेव्हा मायच्या बहिणी म्हणाल्या, "एवढी शिकवून का तिले कलेक्टर करता?" तो म्हणाला, "करतो. तुम्हाले का त्रास हाय?" समोरच्याचा माल चांगला असेल तिथे चांगला म्हणावं लागतं. हा माल चांगला होता. म्हणूनच पुढचं मला गिळता येत नाही.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आम्हाला गणिताच्या सरांनी वाकड्या रेषेची लांबी शिकवली. वाकड्या रेषेला फूटपट्टी लागत नाही. मग तिचे इतके बारीक तुकडे करायचे की एकेक तुकडा सरळच आहे असं म्हणता यावं. तो तुकडा आडवा किती सरकला, उभा किती उतरला, दोन्हींचे वर्ग करून बेरीज, आणि तिचं वर्गमूळ. इथवर शाळेतलंच. पण पुढे तुकडे आणखी बारीक करत न्यायचे, बारीक म्हणजे संपूच नयेत इतके, आणि तरी त्या सगळ्यांची बेरीज एका ठाम आकड्यावर येऊन थांबते. सरांनी फळ्यावर शेवटची ओळ लिहिली आणि खडू खाली ठेवला. माझ्या अंगावर काटा आला. ज्या घरात सगळं अंदाजाने, बोटांनी, वितीने आणि दोरीने मोजलं जायचं त्या घरातली मी. जगात एक असं मोजमाप आहे की ज्याला वस्तूला हातसुद्धा लावावा लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्या एका तासाच्या आनंदावर मी पुढचं सगळं आयुष्य लावायला तयार होते, आणि तसंच झालं.

घरी येऊन मी बापाला सांगितलं. तो रंधा मारत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "याच्यासाठी तुकडे काहून करा लागते? सुतळी लावाची, टोकाले खूण कराची, सुतळी सरळ कराची, मोजाची. सरले म्हणा, सुतळी घेऊन ये मी."

"आणि वक्र कागदावरच असलं तर? लाकूड कापलंच नसलं तर?"

"नाही कापलं तर मोजते कायले?"

माय आतून म्हणाली, "तुकडे करून करून भाकर थंडी झाली वं. ये जेवाले."

आम्ही तिघंही हसलो. ते हसणं मला फार स्पष्ट आठवतं.

त्याच हिवाळ्यात वस्तीचं विहार बांधून होत आलं होतं. भिंती उठल्या होत्या, समोर मोठी लाकडी कमान बसवायची होती आणि ते काम बापाने अंगावर घेतलं होतं, मजुरी न घेता. कमानीचा नकाशा आमच्याच वस्तीतल्या एका ओव्हरसियरने काढून दिला आणि तो चांद्याकडे बदलीवर निघून गेला. रुंदी वीस फूट, मधली उंची पाच फूट. मधल्या टोकापासून दर दोन फुटांवर कमान किती खाली उतरते तेही त्याने लिहिलं होतं. ते आकडे मी पाहिले आणि लगेच ओळखले. अंतराचा वर्ग, भागिले वीस. दोन फुटांवर एक पंचमांश फूट, दहा फुटांवर बरोबर पाच. फळ्यावर सरांनी जो वक्र काढला होता तोच माझ्या घरी सुताराच्या पिशवीत येऊन पडला होता.

कमान तीन तुकड्यांत होती. ते तुकडे आवळून धरायला वरच्या कडेवरून एक लोखंडी पट्टी जाणार होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध. तिच्या दोन्ही टोकांना भोकं, आणि ती भोकं भिंतीत बसवलेल्या बोल्टांत जायची. पट्टी इतवारीतल्या लोहाराकडे कापून, वाकवून, भोकं पाडून घ्यायची होती. वस्तीने घरटी वर्गणी काढून लोखंड घेतलेलं. तेव्हा लांबी नेमकी हवी होती.

मी एका दुपारी टेबलाशी बसले आणि गणित मांडलं. लॉगची पुस्तिका काढली. उत्तर आलं बावीस फूट साडेअकरा इंच. खात्री करायला मी नकाशातले ठिपके नुसत्या सरळ रेघांनी जोडून बेरीज केली. ती बावीस फूट अकरा इंचांच्या किंचित वर आली, म्हणजे थोडी कमी, जशी यायला हवी तशीच. दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं. त्यांनी वहीवर बरोबरची खूण केली आणि विचारलं, "एम.एस्सी. करणार ना? मग इथेच शिकवायला ये." मी होकार दिला. आयुष्यात कोणत्याच गोष्टीला मी इतक्या चटकन हो म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात उमरेडचं स्थळ आलं. मुलगा कोळशाच्या खाणीत कायम नोकरीवर, स्वभावाने गरीब, काही मागणं नाही. मायला पसंत. बाप काहीच बोलेना. त्याचं न बोलणं मला घाबरवू लागलं. मी भांडण काढलं, जसं मी आजही काढते, म्हणजे समोरच्याला बोलावंच लागतं.

सकाळची वेळ होती. तो चहात भाकर बुडवून खात होता.

"बाबा, तुम्ही म्हटलं होतं, जितकी शिकन तितकी."

"म्हटलं होतं."

"मंग उमरेडवाले काहून येऊन राहिले?"

त्याने भाकरीचा तुकडा कपात बुडवला. मग त्याने भलतंच विचारलं. "पट्टीचा आकडा किती आला तुहा?"

"बावीस फूट साडेअकरा इंच."

"माही सुतळी तेवीस फूट सव्वादोन इंच म्हणते."

मी हसले. हे मी लिहिते आहे तेव्हा माझे कान गरम होतात, पण मी हसले. "सुतळी जाड असते, बाबा. कडेच्या बाहेरून जाते. ती जास्तच दाखवणार."

"पावणेतीन इंच जास्त?"

"दाखवणार. माहं गणित सरनं पाह्यलं. त्याच्यात एक केसाचा फरक नाही."

"एवढी गॅरंटी हाय?"

तेव्हा मी ते वाक्य बोलले. कोणी बोलायला लावलं नव्हतं. "पट्टी माह्या आकड्यानं कापा. बसली तर उमरेडवाल्यांले नाही म्हणून सांगा. नाही बसली तर मी मुकाट्यानं जातो उमरेडले. तोंडातून शब्द नाही काढणार."

माय शेगडीवरून ओरडली, "असं बोलते का कोणी, वं?" बाप मात्र उठला, हात धुतले, आणि म्हणाला, "ठीक हाय. तुहाच आकडा."

माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा. माल न पाहता केलेला. बापाच्या आवारात कमानीचे तुकडे तेव्हा कापून पडले होते, वीस पावलांवर. मी एकदाही गेले नाही. परीक्षा होती हे खरं, पण खरं कारण ते नाही. मला वाटत होतं की लाकूड पाहायला जाणं म्हणजे गणितावरचा विश्वास कमी पडणं. ही माझी चूक मी कबूल करते. नंतरच्या साऱ्या वर्षांत मी एक फळीसुद्धा उलटून पाहिल्याशिवाय घेतली नाही.

इतवारीत लोहाराकडे बाप मला सोबत घेऊन गेला. भाव मी पाडला. लोहार बापाला म्हणाला, "मिस्त्री, बेटी को दुकान पर बिठाओ, तुम लकड़ी काटो." मग खडूने खूण करताना त्याने पुन्हा विचारलं, "बाईस फुट साढ़े ग्यारह? एक बार काट दिया तो वापस नहीं होगा, बाई."

"काटो," मी म्हटलं.

बाप खडूच्या खुणेकडे पाहत होता. कापून उरलेला वीतभर तुकडा मात्र त्याने मागून घेतला आणि पिशवीत टाकला. त्याला काहीच वाया घालवायची सवय नव्हती, म्हणून मला त्यात विशेष वाटलं नाही.

पट्टी बसवायच्या दिवशी सकाळी वस्ती जमली होती. बाया पांढरी लुगडी नेसून आल्या होत्या, पोरं भिंतींवर चढली होती. बाप शिडीवर. डाव्या टोकाचं भोक बोल्टात गेलं, त्याने चाकी लावून आवळलं. मग दोन माणसं पट्टी दाबत दाबत कमानीवरून पुढे निघाली. मी खाली उभी राहून पाहत होते. मधल्या टोकापर्यंत सगळं ठीक दिसत होतं. उजवीकडे उतरताना मला कळलं. शेवटचं भोक बोल्टाच्या वर, हवेत थांबलं. दोघांनी ओढलं, बापाने हातोडीने ठोकलं. लोखंड कशाला वाढतं?

कोणीतरी बोटं लावून पाहिली. "तीन बोटं कमी हाय."

एक म्हातारा पायरीवर बसला होता, तो म्हणाला, "कुसुमचं कॉलेज तीन बोटं कमी पडलं गा." वाईट माणूस नव्हता तो. सगळे हसले, बायाही हसल्या. त्या वस्तीत पुढे कित्येक वर्षं माझं नाव 'तीन बोटं' होतं. माझी लेक त्या वस्तीत एका लग्नाला गेली तेव्हा तिला कोणीतरी विचारलं, "तीन बोटंची पोरगी का तू?"

बापाने शिडीवरून पिशवी मागितली. आतून तो वीतभर तुकडा काढला. त्याला दोन्ही बाजूंनी आधीच भोकं पाडलेली होती. तो त्याने पट्टीखाली धरून रिव्हेटने जोडला, बोल्ट बसला, काम झालं. मला तेव्हा वाटलं, केवढा सावध कारागीर आहे माझा बाप. मी घरी गेले आणि वही शेगडीत घातली. भुशाची आच मंद, वही जळायला दुपार लागली. माय मला अडवत नव्हती. उन्हाळ्यात माझं लग्न झालं. मी तोंडातून शब्द काढला नाही. कॉलेजच्या रस्त्यानेही पुन्हा गेले नाही, सरांना काय सांगायचं होतं?

वही जाळली तरी गणित जळत नाही. उमरेडला नवऱ्याची पाळी दिवसाची असली की घरात मी एकटी. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी तेच पुन्हा मांडायची. कुठे चुकले? वर्गमूळ पाहिलं, लॉग पाहिले, ओळ न ओळ पाहिली. दर वेळी बावीस फूट साडेअकरा इंच. पाच वेळा केलं, पन्नास वेळा केलं. चूक सापडली असती तर मी सुटले असते. सापडली नाही, म्हणून मी असं ठरवलं की गणितच खोटं आहे. फळ्यावर बरोबर येतं, लाकडावर येत नाही. शिकलेल्या लोकांनी आपसांत ठरवलेला खेळ आहे आणि तो आपल्यासारख्यांच्या कामाचा नाही. एक दिवस मी कॅलेंडर उलटं करून भिंतीला लावलं आणि त्यानंतर पेन्सिल हातात घेतली ती फक्त घनफूट काढायला. लग्न केलं, संसार केला, त्याचं मला इतकं दुःख नाही. नवरा खरंच गरीब स्वभावाचा निघाला. पण त्या एका तासात मला जे मिळालं होतं त्यावर मी थुंकले. माझ्याच तोंडाने, माझ्याच लेकीला मी सांगितलं, "गणितात काही नसते, वं. हिशोब आला म्हणजे झालं." ती गणित सोडून बसली.

खाणीत नवऱ्याचा पाय गेला तेव्हा आम्ही नागपूरला परत आलो. मी पाडलेल्या घरांच्या चौकटी, खोक्याच्या फळ्या, जुनं सागवान घ्यायला आणि विकायला लागले. सुरुवातीला डोक्यावरून, मग ठेल्यावरून. लकडगंजात बाई भाव करते म्हणून माणसं जमायची. शिव्या मला खड्ड्यात आरा ओढणाऱ्यांच्या शेजारात राहूनच येत होत्या, त्या कामी आल्या.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. वस्तीने जुनं विहार पाडून स्लॅबचं बांधायचं ठरवलं आणि जुनं लाकूड विकायला काढलं. कमानही होती. मी गेले, तासभर वाद घातला, आणि कमान विकत घेतली. कशासाठी घेतली ते मला सांगता येत नाही. बहुतेक जाळायला. ठेल्यावरून आणून आवारात मांडली. समोरच्या बाजूने तिच्यावर एक पातळ फळी ठोकलेली होती, रंगाची. खिळे उपटून ती फळी मी काढली.

खालच्या लाकडावर ठिपके होते. पेन्सिलीचे, आणि प्रत्येक ठिपक्यावर खिळ्याने मारलेली बारीक फुली. अशी फुली फक्त माझा बाप मारतो. मधल्या टोकापासून दोन फूट, चार, सहा, आठ. मी टेप घेतला. आठ फुटांवरचा ठिपका तीन फूट अडीच इंच खाली. ओव्हरसियरच्या कागदावर होता तो आकडा, बिनचूक. आणि कापलेली कड ठिपक्यावर नव्हतीच. ती त्याच्याही वर, पावणेचार इंच बाहेरून गेली होती. ठिपक्यांची कमान खांद्यात उतरती, कापलेली कमान खांद्यात फुगलेली.

मी जमिनीत खुंटी ठोकली, साडेबारा फुटांची दोरी बांधली, आणि फिरवली. दोरीचं टोक कमानीच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सुरळीत गेलं. आमच्याकडचे सुतार कमान तशीच काढतात. रुंदी आणि उंची कळली की खुंटी, दोरी, आणि गोल. बाकीचे आकडे त्यांच्यासाठी शोभेचे. ती कमान वर्तुळाचा तुकडा होती. मी त्याची लांबी काढली. तेवीस फूट सव्वादोन इंच.

माझं गणित बरोबर होतं. बापाची सुतळीही बरोबर होती. कमान दुसरी होती. आणि ज्याने ठिपके मारले, ते पाहिले, त्यांच्या बाहेरून दोरी फिरवली आणि कापलं, त्याला हे त्या सकाळी चहात भाकर बुडवताना माहीत होतं. पिशवीतल्या तुकड्याला भोकं कोणी पाडली होती?

मी कमानीचा उजवा तुकडा ठेल्यावर टाकला आणि बापाकडे नेला. तो दारात बसून पटाशीला धार लावत होता. मी तुकडा त्याच्यासमोर टाकला.

"हे ठिपके कोनाचे?"

त्याने अंगठा फिरवला. "माहेच."

"मंग त्याच्यावर कापलं काहून नाही?"

"खुंटीची कमान मजबूत राहते. आम्ही तशीच करतो."

"ते ठीक. मले काहून नाही सांगितलं?"

तो पटाशीकडे पाहत म्हणाला, "वीस पावलावर पडली होती. तू आली काहून नाही पाह्याले?"

हे खरं होतं. माय दारात येऊन उभी राहिली होती आणि तिने तोंडाला पदर लावला होता. मग मी विचारलं, "आली असती तर सांगितलं असतं?"

पटाशी दगडावर फिरत राहिली. मी पुन्हा विचारलं, मग ओरडून विचारलं. शेजारी गोळा झाले. मी तो दगड उचलून नालीत फेकला. त्याने रिकामे हात मांडीवर ठेवले आणि मायला म्हणाला, "इले चहा दे."

नंतर मी तेच कितीदा तरी विचारलं आहे. माय गेली त्या दिवशी विचारलं. त्याला माझ्या घरी आणलं त्या दिवशी विचारलं. मी त्याच्या बाजूनेही विचार करून पाहिला. वस्तीसमोर पोरीच्या वहीने आपली सुतळी हरावी हे त्याला सोसलं नसेल. दोन पोरं मागे होती, त्यांची काळजी असेल. मी कॉलेजात शिकवायला लागले की याच्या दारात परकी होईन, अशी भीती असेल. मायने रात्रंदिवस टुमणं लावलं असेल. यातलं कोणतंही कारण मी घ्यायला तयार आहे. मी आयुष्यभर घासाघीस केली, दगडासारख्या माणसांना बोलतं केलं, पण हा एकच माणूस असा की जो आकडाच सांगत नाही. आणि तो सांगत नाही तोवर मला हेही कळत नाही की ज्याने मला खांद्यावर बसवून नेलं तो बाप कोणता आणि ज्याने खिळ्याने फुल्या मारल्या तो कोणता.

कमानीचा तो तुकडा त्याच्या खोलीत, खाटेसमोरच्या भिंतीला टेकवून ठेवला आहे. विकायचा नाही. ठिपके आता पुसट झालेत, फुल्या दिसतात. हे लिहिलेलं मी उद्या सकाळी, त्याचा चहा झाल्यावर, उजव्या कानाशी बसून सगळं वाचून दाखवणार आहे. डोळे मिटून घेतले तरी झोप लागलेली नाही हे मला कळतं.

बाबा, तुम्हाले कारण विचारत नाही आता. एकच विचारतो. मी वीस पावलं चालून आले असते, तर तुम्ही सांगितलं असतं का? हो म्हणा, नाही म्हणा. पण आज तोंड उघडा.